तलावावर जाऊनही वेडर सापडत नाहीत, सापडले तर ओळखू येत नाहीत: नागपूरकरांनी काय काय तपासावं

दर हिवाळ्यात मला हाच निरोप येतो. माणसं वेगळी, तक्रार तीच. गेली चौदा वर्षं नागपूरच्या आसपासच्या तलावांवर नवख्या लोकांना घेऊन जातो आहे, आणि दहापैकी आठ वेळा अडचण पक्ष्यांची नसते, दुर्बिणीचीही नसते. माणूस चुकीच्या महिन्यात, तलावाच्या चुकीच्या बाजूला उभा असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

वेडर म्हणजे उथळ पाण्यात आणि चिखलात चालत चरणारे पक्षी: तुताऱ्या, टिलवे, चिखल्या, शेकाट्या, पाणलावे. बगळे, शराटी, करकोचे हेही त्याच पाण्यात पाय टाकून उभे असतात, तेव्हा त्यांचाही विचार इथे आहे. बदकांचा नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी पाहा.

– दोन तास काठावर घालवले. टिटवी, गायबगळा आणि पाणकावळा सोडून काही नाही.
– पक्षी आहेत, पण सगळे मातकट. एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही.
– जवळ गेलं की टिटवी ओरडते आणि सगळा काठ रिकामा होतो.
– फोटो ॲपमध्ये टाकला की तीन नावं येतात, आणि तिन्ही खरी वाटतात.
– मागच्या वर्षी याच जागी शंभर होते. यंदा एकही नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या लक्षणाचा इलाज फुकट आहे. दुसऱ्या आणि चौथ्याला सराव लागतो. पाचवं सगळ्यांत अवघड, त्याबद्दल शेवटी.

आधी कॅलेंडर पाहा

घरबसल्या होणारी तपासणी म्हणून ही पहिली. बहुतेक लोक दिवाळीच्या सुट्टीत, हवा जरा थंड झाली की निघतात. आणि नेमका तोच काळ वेडरसाठी वाईट असतो.

कारण साधं आहे. पाहुणे तसे लवकर येतात. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी ऑगस्टमध्येच आपल्याकडे दिसायला लागतात. पण तेव्हा चिखल सगळीकडेच असतो: धानाच्या बांध्यांत, रस्त्याकडेच्या डबक्यांत, रिकाम्या प्लॉटवर. पक्षी विखुरलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाव काठोकाठ भरलेला असतो, पाणी थेट गवताला टेकलेलं. चिखलाची पट्टीच नसते. मग टिलव्याने उभं कुठे राहायचं?

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. उमरेडकडच्या एका तलावावर ऑक्टोबरात सलग तीन रविवार रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्या रविवारी डोंगा काठाला लावणाऱ्या एका ढिवर काकांनी विचारलं, काय शोधता? मी सांगितलं. ते म्हणाले, "आता काय दिसन तुमाले? पानी काठाले टेकलं हाये. गव्हाले पानी सुटू द्या, मंग या."

तेव्हापासून मी तेच धरून चालतो. रब्बीसाठी पाणी सुटलं की तलाव रोज थोडाथोडा उतरतो आणि मागे ओला, ताजा गाळ सोडत जातो. त्या गाळात अळ्या, किडे, गोगलगायी असतात, आणि पक्षी उतरत्या पाण्याच्या मागोमाग सरकत राहतात. नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ भरवशाचा. मार्च-एप्रिल तर मला जास्तच आवडतात: पाणी थोड्याच ठिकाणी उरतं, म्हणून पक्षी दाटीने मिळतात, आणि काहींच्या अंगावर विणीचा रंग चढायला लागलेला असतो. मे उजाडला की बहुतेक गेलेले असतात.

तुमची चूक ऑक्टोबरची असेल तर इथेच थांबा, बाकी काही तपासू नका. महिनाभराने त्याच जागी पुन्हा जा.

तलावाची बाजू बदला

आपले जुने तलाव, म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि अलीकडचे सिंचनाचे तलावही, एकाच पद्धतीचे आहेत: उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ, आणि वरच्या अंगाला पाणी पसरत पसरत शेतांत मिसळलेलं. रस्ता पाळीपर्यंत येतो, गाडी पाळीवर लागते, देऊळ पाळीवर, चहाची टपरी पाळीवर. म्हणून माणूसही पाळीवरच उभा राहतो. पण पाळीला लागून सगळ्यांत खोल पाणी असतं. तिथे पाणकावळे दिसतील, बदकं दिसतील. वेडर समोरच्या टोकाला, किलोमीटरभर लांब, ठिपके होऊन चरत असतात.

शहरातलं अंबाझरी पाहा. 1870 सालचा तलाव, सगळं नागपूर फिरायला जातं ते पाळीच्या बाजूला. उथळ अंग विरुद्ध दिशेला आहे.

निघण्याआधी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि पाळ कुठे आहे ते बघा. पाळ म्हणजे सरळ रेघ, ती लगेच कळते. तिच्या समोरची बाजू, जिथे नाला येऊन मिळतो आणि काठ वेडावाकडा, फिकट तपकिरी दिसतो, ती तुमची जागा. उमरेडकडे सायकी, पारडगाव, मकरधोकडा असो, नाहीतर अमरावती रोडवरचं सुराबर्डी, नियम हाच.

तिथे पोहोचल्यावर पाण्याची खोली पायांच्या लांबीने मोजायची. छोट्या टिलव्याचा पाय जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणून तो नुसत्या ओल्या चिखलावर किंवा नखभर पाण्यात. तुताऱ्या बोटभर पाण्यात. शेकाट्याचे गुलाबी-लाल पाय वीतभर, तो निवांत आत जाऊन उभा राहतो. मोठा बगळा आणि करकोचे त्याच्याही पुढे. एकाच काठावर हे असे थर लागलेले असतात. एकदा ते लक्षात आलं की कोणता पक्षी कुठे शोधायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. कमळपक्षी मात्र या हिशोबात बसत नाही: त्याची बोटं इतकी लांब असतात की तो तरंगत्या पानांवरूनच चालतो. तो हवा असेल तर शिंगाड्याची लागवड असलेला तलाव गाठा.

एक विनंती. पाणी उतरलेल्या जागी लोक गाळपेर करतात. ती वाफ्यांची जमीन वरून रिकामी दिसते, पण खाली बी पेरलेलं असतं. विचारून जा, कडेने जा. आपल्या बुटांनी कोणाचं पीक तुडवून पाहिलेला पक्षी मला नको आहे.

सूर्य आणि हवा

सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, म्हणजे पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहा. उलट उभं राहिलात तर प्रत्येक पक्षी काळा दिसेल, आणि तुम्ही पायांचा रंग शोधत बसाल. फेब्रुवारीनंतर दहा वाजले की चिखलावरून वाफ थरथरायला लागते. मग कितीही महागडी काच असो, चित्र हलतंच. त्याआधी आटपा, नाहीतर संध्याकाळी परत या.

दुर्बीण बदलण्याआधी ती जुळवा

ज्यांनी "दुर्बीण खराब आहे" म्हणून माझ्या हातात दिली, त्यांतल्या बऱ्याच दुर्बिणी फक्त जुळवलेल्या नव्हत्या. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, म्हणून बहुतेक दुर्बिणींच्या उजव्या भिंगावर एक फिरणारी कडी असते. दूरच्या एखाद्या पाटीवर नेम धरा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावा मिटा, चाकाला हात न लावता फक्त ती कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडी कुठे आली तिथे पेनाने खूण करून ठेवा.

एवढ्यासाठी एवढं का सांगतो? कारण तुताऱ्यांमधला फरक पाठीवरच्या ठिपक्यांत असतो, आणि एक डोळा धूसर असेल तर ठिपके पहिले हरवतात.

बसा

टिटवी हा तलावाचा पहारेकरी आहे. ती उठली की सगळे उठतात. तिच्यावर एकच उपाय: तिने पाहण्याआधी बसायचं, आणि तिने पाहिलंच तर तिथेच बसून राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत ती गप्प होते आणि मघाशी उडालेले पक्षी गोल फिरून बहुतेक वेळा त्याच काठाला परत उतरतात. मातकट कपडे घाला, बेशरमाच्या झुडपाचा आडोसा घ्या, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. चालत जाणाऱ्याला जे शंभर मीटरवरून उडताना दिसतात, ते बसलेल्याच्या समोर वीस मीटरवर चरत येतात.

आता ओळख: रंग सोडा, चाल धरा

दुसऱ्या आणि चौथ्या लक्षणाची माणसं इथपर्यंत आली असतील. तुमची अडचण ही की तुम्ही रंगापासून सुरुवात करता. हिवाळ्यातले वेडर वरून तपकिरी-राखाडी आणि खालून पांढरेच असतात. विणीचा पेहराव ते उत्तरेकडे, बर्फ वितळलेल्या दलदलींत वापरतात. तेव्हा क्रम उलटा करा: आधी चाल, मग पाय, मग चोच, मग उड्डाण. रंग सगळ्यांत शेवटी.

चालीवरून पहिल्या मिनिटात दोन गट पडतात. एक पक्षी धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तो चिखल्या किंवा टिटवी. डोके गोल, डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो: थांबायचं ते पाहण्यासाठी. दुसरा पक्षी खाली मान घालून सतत चोच खुपसत चालतो. तो तुतारी, टिलवा किंवा पाणलावा. चिखलात खोल खुपसणाऱ्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, न दिसणारी अळी ते तिथे हुडकतात. त्यांना थांबायची गरज नसते. एवढं एक पाहिलं तरी निम्मं पुस्तक बाजूला पडतं.

धावणाऱ्यांत आपल्याकडे सर्रास असतो कंठेरी चिखल्या. दुर्बिणीत नीट आला तर डोळ्याभोवती पिवळं कडं दिसतं, जणू कोणी हळदीच्या बोटाने गोल काढला आहे. पाय फिकट पिवळसर. तसाच, पण काळ्या पायांचा आणि छातीवरचा पट्टा मध्ये तुटलेला दिसला तर तो केंटिश प्लोव्हर.

आता तुताऱ्या. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

गेल्या जानेवारीत एका कालव्याच्या मोरीखाली दोन तुताऱ्या एकाच डबक्यात होत्या, माझ्यापासून फार तर बारा पावलांवर. एकीची पाठ गडद, जवळजवळ काळपट, बारीक ठिपक्यांची. डोळ्याच्या पुढे पांढरी रेघ होती, पण डोळ्याशीच संपत होती. दुसरीची पाठ तपकिरी, त्यावर मोठे फिकट ठिपके, जसा बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरावा. तिची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेही लांब गेली होती आणि पाय उंच, पिवळसर. मी हललो आणि दोघी उडाल्या. पहिलीने पंख उचलले तर पंखांची खालची बाजू काळी, आणि शेपटीच्या वर लख्ख पांढरा चौकोन. ती "ट्लुईट-विट-विट" करत उंच गेली. ती हिरवी तुतारी. दुसरीची पंखाखालची बाजू फिकट, आवाज कोरडा: "चिफ-इफ-इफ". ती ठिपकेवाली तुतारी.

हिरवी तुतारी नावापुरतीच हिरवी आहे, तो रंग शोधू नका. ती एकटी राहते आणि तिला नाल्या, मोऱ्या, शहरातल्या सांडपाण्याच्या कडा चालतात. ठिपकेवाली मोकळ्या गवताळ चिखलात, बरेचदा चार-सहांच्या गटात.

तिसरी सामान्य तुतारी, तिला तुतवारही म्हणतात. ती ओळखायला दुर्बीणही लागत नाही. दगडावर बसली तरी तिचं मागचं अंग वर-खाली होतच राहतं. छातीच्या आणि पंखाच्या मध्ये खांद्याजवळ पांढरी पाचर वर चढलेली असते. उडाली की पाण्याला लागून, ताठ पंखांनी, थरथर करत जाते आणि पंखावर पांढरी रेघ दिसते. आधी हिच्यावर हात बसवा. दहा वेळा ही बरोबर ओळखली की बाकीच्या दोघी आपोआप वेगळ्या पडतात.

टिलवे चिमणीएवढे. पाय काळे आणि थवा चिखलावर मोकळेपणी पळत असेल तर छोटा टिलवा. पाय पिवळट-हिरवे, पक्षी जमिनीला चिकटून सरपटल्यासारखा आणि एकटादुकटा असेल तर टेमिंकचा टिलवा. मात्र काळ्या चिखलात बुडालेले पिवळे पायही काळेच दिसतात. तो स्वच्छ पाण्यात येईपर्यंत निकाल देऊ नका.

मोठ्यांत, लांब सरळ चोच, चोचीचं बूड गुलाबी, उडताना शेपटीवर काळी पट्टी आणि पंखावर रुंद पांढरी रेघ, तो काळ्या शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे गॉडविट. चोच किंचित वर वळलेली आणि उडताना खणखणीत तीनदा "ट्यू-ट्यू-ट्यू", तो ग्रीनशँक. तसाच, पण लहान, सडपातळ आणि चोच सुईसारखी सरळ, तो मार्श सँडपायपर.

आकाराचा अंदाज एकट्या पक्ष्यावर कधीच लावू नका. शेजारी टिटवी किंवा शेकाट्या असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. ॲप तीन नावं देतं ते याच कारणाने: फोटोत माप नसतं, आणि लांबून काढलेल्या फोटोत पायही नसतात. फोटोसोबत चाल, पायांचा रंग आणि उडतानाचं शेपूट-पंख वहीत लिहून आणा, मग ॲपची तीन नावं एकावर येतात.

बगळ्यांचं थोडक्यात. पिवळी चोच, जाड मान, गुरांमागे: गायबगळा. काळी चोच, काळे पाय, पंजे मात्र पिवळे: छोटा बगळा. मध्यम आणि मोठा यांत चूक होते, तिथे तोंडाची रेघ पाहा: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यममध्ये डोळ्याखालीच थांबते. आकाशात जाणारा लांब मानेचा पक्षी मान दुमडून उडत असेल तर बगळा, ताणून उडत असेल तर करकोचा किंवा शराटी.

खर्चाची पायरी

इथपर्यंतचं सगळं करूनही पक्षी लांबच राहत असतील तरच पैशाचा विचार करा. पहिली दुर्बीण 8x42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10x मध्ये पक्षी आणखी जवळ दिसतो, पण हाताचा थरकापही तितकाच वाढलेला दिसतो. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, हिवाळाभर दर आठवड्याला जाणाऱ्यासाठी ठीक. मी स्वतः सहा वर्षं त्याशिवाय काढली आणि माझं काही अडलं नाही.

जागाच बिघडली असेल तर

पाचवं लक्षण. मागच्या वर्षी होते, यंदा नाहीत. आधी पाण्याची पातळी पाहा. पाऊस लांबला किंवा पाणी उशिरा सुटलं तर पक्षी शेजारच्या तलावावर असतात, बोडीवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यावर, असतात. तीन-चार जागा फिरा. तिथे सापडले तर काळजी नको.

पातळी बरोबर असूनही काठ रिकामा असेल तर चिखलाकडे पाहा. त्यावर बेशरम माजला आहे का, जलपर्णीने पाणी झाकलं आहे का, काठ खोदून उभा केला आहे का, मुरूम किंवा मलबा टाकला आहे का. सुशोभीकरणात दगडी भिंत बांधली की तलाव राहतो, वेडरची जागा जाते: भिंतीला उथळपणा नसतो. हे मला फार लागतं, कारण अशी जागा परत मिळालेली मी पाहिलेली नाही. म्हणून तारीख, पाण्याची रेघ आणि पक्ष्यांची संख्या दर वेळी लिहून ठेवा, एकाच ठिकाणावरून फोटो काढा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात आपला तलाव मोजा. नोंद असेल तर बोलता येतं.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

चिखलात पाय घोट्याच्या वर गेला की मागे फिरा. वरून सुकलेला आणि तडकलेला गाळ खाली मऊ असतो. एकट्याने तर मुळीच पुढे जाऊ नका.

पाणलाव्यांच्या जाती हिवाळ्यात जमिनीवर बसलेल्या असताना एकमेकांतून वेगळ्या काढणं हे जाणकारांचं काम आहे. "पाणलावा" एवढं लिहून पुढे जा. याला अपवाद रंगीत पाणलावा, तो वेगळाच पक्षी आहे: मादी नरापेक्षा रंगीत, आणि अंडी उबवतो नर. तो अंड्यांवर दिसला तर त्याच पावली मागे या.

टिटवी डोक्यावर झेपा घेत असेल तर अंडी किंवा पिल्लं पायाजवळ आहेत. फोटो सोडा.

एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले किंवा मान टाकून बसलेले दिसले तर हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, वनविभागाला 1926 वर कळवा आणि पशुसंवर्धन विभागालाही. ते कशाने मेले हे प्रयोगशाळेतच कळतं.

जाळ्यात किंवा संक्रांतीच्या मांज्यात अडकलेला पक्षी हे नागपुरात दर जानेवारीचं दुखणं आहे. मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. डोक्यावर रुमाल टाकून पक्षी धरा. बगळा असेल तर चोच तुमच्या डोळ्यांपासून दूर ठेवा, तो नेम धरून मारतो. चोचीत पाणी ओतू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, न्या. खोक्याला हवेची भोकं पक्षी आत ठेवण्याआधी पाडून घ्या.